पोटातला पाहुणा

मिरजेत पूर्वी लग्न जमवताना पत्रिका बघत, आता पोट बघतात. म्हणजे पत्रिका बघणं बंद झालंय अशातला भाग नाही. आपला माणूस जुनं काही टाकत नाही, त्याच्यावर नवं रचतो. मुलीकडचे मुलाचा पगार विचारतात, गोत्र विचारतात आणि मग जरा खाकरून म्हणतात, "मुलाने मणी गिळलाय ना हो? रिपोर्ट तेवढा पाठवून द्या."

मणी म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून थोरली, हरभऱ्याहून धाकटी अशी एक गोळी. ती पाण्याबरोबर गिळायची. जठरापासून मोठ्या आतड्यापर्यंत जाताना ती जागोजागी चिमूटभर नमुना गोळा करते आणि यथावकाश बाहेर पडते. बाहेर पडल्यावर ती कशी ताब्यात घ्यायची याचं माहितीपत्रक मिळतं, त्यामुळे इथे त्याची चर्चा नको. मण्यातला ऐवज 'पारखी' नावाच्या यंत्रात घातला की ते सांगतं, पोटात कोणकोणते जंतू राहतात, त्यातले घरचे किती, पाहुणे किती आणि गुंड किती. मग त्या माणसाला बाहेरून कोणते चांगले जंतू द्यायचे, ते ठरवता येतं.

ते ठरवण्याचं काम शलाका करायची. दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर तिची खोली होती आणि दारावर पाटी होती, 'वाणसल्लागार'. जंतूंच्या एकाच जातीत शेकडो वाण असतात आणि एकाचा गुण दुसऱ्यात असेलच असं नाही, हे लोकांना समजावता समजावता तिचा घसा बसायचा. चाळिशी गाठलेली ही बाई कामाला वाघ होती, पण तिला स्वस्थ बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. समोरचा बोलत असतानाही तिचा पाय टेबलाखाली हलत असायचा.

त्या दिवशी समोर रावसाहेब कोळेकर बसले होते. त्यांनी पिशवीतून एक जाडजूड बाटली काढली आणि मोठ्या अभिमानाने टेबलावर ठेवली.

"मॅडम, ह्यात चाळीस वाण हायत. शंभर अब्ज जंतू. जावयानं हैदराबादहून आणलंय. आता काय बिशाद हाय पोटाची?"

"रावसाहेब, तुम्ही शेतात चाळीस प्रकारचं बी एकदम पेराल?"

"येडं लागलंय का काय!"

"मग पोटाने काय पाप केलंय? तक्रार काय आहे तुमची?"

"दाताचं औषध चालू झाल्यापास्नं जुलाब थांबंनात."

"म्हणजे अँटिबायोटिकने झालेले जुलाब. मग त्या तक्रारीवर माणसांवर तपासून ज्याचा गुण दिसलाय तोच वाण घ्यायचा. बाटलीवर नुसतं कुळाचं नाव चालणार नाही. तुमच्या गावात कोळेकर किती?"

"निम्मं गाव."

"मग नुसत्या 'कोळेकर' नावावर पत्र कुणाला पोचेल? वाणाचं पूर्ण नाव हवं, क्रमांकासकट. आणि हा शंभर अब्जाचा आकडा बनवल्या दिवशीचा आहे. मुदत संपेपर्यंत त्यातले जिवंत किती राहतात, जठराच्या आम्लातून तगून खाली किती पोचतात, ते बघायचं. आणि घरात कोणी केमोवर असेल तर ही बाटली त्याच्या हाती लागू देऊ नका. अंगात ताकद नसली की चांगला जंतूही रक्तात शिरून घात करतो."

रावसाहेबांनी बाटली पिशवीत परत घातली. तोंड पडलं होतं. "आन् मग दही? आमच्या आईनं सारा जन्म दह्यावर काढला."

"खा की. रोज खा. पण त्याला औषध म्हणू नका. दह्यातले जंतू पाहुणे असतात. येतात, चार दिवस राहतात, थोडंफार काम करून देतात आणि जातात. दही बंद केलंत की आठवडाभरात पोटात त्यांचा मागमूस राहत नाही."

हे वाक्य तिने आजवर हजार लोकांना ऐकवलं असेल. तेच आपल्यावर उलटणार आहे, याची तिला कल्पना नव्हती.

रावसाहेब गेले आणि पारखीच्या पडद्यावर हेरंबचा रिपोर्ट आला. हेरंब तिचा नवरा. सांगलीच्या कॉलेजात भूगोल शिकवायचा. गेल्या वर्षी त्याच्या पायाच्या हाडात पू झाला आणि महिनोन् महिने कडक अँटिबायोटिक द्यावी लागली. पाय वाचला, पण पोटाचा पार उकिरडा झाला. मुगाची खिचडीसुद्धा पचेना. माणूस वाळून काटकुळा झाला. तेव्हा शलाकाने दवाखान्याच्या संशोधन केंद्रात तयार झालेला 'म-सतरा' हा वाण त्याला सुरू केला होता. हळूहळू हेरंबच्या गालांवर मांस आलं, आवाजात जोर आला आणि शलाका दवाखान्यात जरा मान वर करून चालू लागली. पुढच्या महिन्यात पुण्याच्या परिषदेत ती हेच सांगणार होती.

तिने रिपोर्ट उघडला.

'म-सतरा : आढळला नाही.'

तिला वाटलं, आपलं वाचण्यात काही चुकलं. तिने पुन्हा वाचलं. खाली पुढची ओळ होती. 'प्रमुख पाहुणा : नोंद नसलेला घरगुती वाण. जुळणी : घर-समूह, सांगली. त्या घरातील नोंदणीकृत व्यक्ती : एक, स्त्री.' आणि त्याखाली यंत्राने आपल्या नेहमीच्या सभ्य भाषेत जोडलं होतं, 'या व्यक्तीचा सदर घराशी जेवणाचा नियमित संबंध असावा.'

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपल्याकडे म्हणतात. पोटाच्या बाबतीत वाणही लागतो. एका घरात जेवणाऱ्यांच्या पोटातले जंतू कालांतराने एकमेकांसारखे होतात. पारखीला हे कळतं, म्हणून ते यंत्र माणसांची घराघरांनी गाठोडी बांधतं. हेतू चांगला होता, साथ आली तर उगम सापडावा. पण लोकांनी त्याचा भलताच उपयोग सुरू केला. गेल्याच महिन्यात एक सासूबाई सुनेचा रिपोर्ट घेऊन आल्या होत्या, सून चोरून कुठे जेवते ते सांगा म्हणून. शलाकाने त्यांना चांगलं झापलं होतं. "यंत्राच्या एका ओळीवरून घर मोडायला निघालात?"

आता ती स्वतः त्या एका ओळीकडे बघत होती. घरात दही केंद्रातून येणाऱ्या बंद डब्यातलं असायचं आणि त्यातला प्रत्येक वाण तिला नावानिशी पाठ होता. हा त्यातला नव्हता.

संध्याकाळी तिने भाजीला फोडणी दिली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. हेरंब टेबलाशी उत्तरपत्रिका तपासत बसला होता.

"गुरुवारी तुला यायला उशीर का होतो रे?"

"विभागाची बैठक असते. सांगितलंय ना."

"आणि जेवतोस कुठे?"

"कँटीनला काहीतरी." त्याने मान वर केली नाही. "का गं?"

"काही नाही. गुरुवारी भूक नसते तुला, म्हणून विचारलं."

लाल पेन क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू लागलं. चौदा वर्षांच्या संसारात एवढं थांबणं पुरेसं असतं. हा माणूस खोटं बोलतोय आणि त्याला ते नीट जमतही नाहीये, एवढं तिला स्पष्ट दिसलं.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. जिना चढताना ती दोन-दोन पायऱ्या घ्यायची आणि वर पोचल्यावर कशासाठी आलो ते विसरायची. समोरच्या रुग्णाला 'पाहुणा' हा शब्द म्हणताना तिची जीभ अडखळायची. कोण असेल? कॉलेजातली कोणी? ती त्याला वाढत असेल, समोर बसत असेल. म्हणजे मी त्याला बाटल्या मोजून देत राहिले आणि बरं मात्र तिने केलं. यातलं नेमकं काय जास्त लागतंय, हे तिला ठरवता येईना. संसार मोडेल या भीतीने ती आतून गारठून गेली होती.

पडद्यावर त्या घर-समूहाच्या खाली एक बटण होतं, 'नाव उघडा'. तिला तो अधिकार होता. कारण लिहायचं आणि दाबायचं. एके दुपारी तिचं बोट त्या बटणावर आलं तेव्हा मागे पारखीची देखभाल करणारे जावेद मुजावर उभे होते. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे, कमी बोलणारे. रिपोर्ट आधी त्यांच्याच हाताखालून जायचे, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक असणार.

"मॅडम, नाव वाचलं की पुन्हा न वाचल्यासारखं करता येत नाही," ते म्हणाले.

"मग काय करू? अशीच जळत बसू?"

"नमुन्यात भेसळ नाही ना, ते आधी बघा. सरांच्या पोटातलं तुमच्याच घरातून आलं असेल तर? तुम्ही स्वतः मणी गिळलाय कधी?"

अर्ध्या मिरजेला मणी गिळायला लावणाऱ्या या बाईने स्वतः तो कधीच गिळला नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिने जावेदभाईंच्या समोरच एक मणी तोंडात टाकला आणि वर पाणी प्यायली.

तिचा रिपोर्ट आला तेव्हा दोघं पारखीसमोर बसले होते. तो वाण तिच्याही पोटात होता. अगदी थोडा, पण होता. शलाकाने मोठा श्वास सोडला. "म्हणजे भेसळच! आमच्याच घरात कुठेतरी…"

"थांबा," जावेदभाई म्हणाले. "हा पाहुण्यांच्या रकान्यात नाही. जुन्या रहिवाशांत आहे."

त्यांनी दोन्ही वाण शेजारी शेजारी लावले. जंतू एकाचे दोन होतात, तेव्हा नक्कल करताना कुठेतरी बारीकशी चूक राहून जाते. अशा चुका वर्षानुवर्षं साठत जातात. दोन भाऊ वेगळे झाले की प्रत्येकाच्या घरच्या सवयी वेगळ्या होत जाव्यात, तसंच हे. दोन वाणांतल्या चुकांचा फरक मोजला की ते एकमेकांपासून कधी तुटले याचा अंदाज बांधता येतो.

"हे सरांकडून तुमच्यात आलेलं नाही," जावेदभाई पडद्याकडे बघत म्हणाले. "तसं असतं तर दोन्ही अगदी सारखे निघाले असते. तुमचा आणि त्या घरातला, मूळ एकच आहे. आठ-दहा वर्षांपूर्वी फुटलेत. दह्यातला जंतू एरवी असा राहत नाही, पण अगदी तान्हेपणी मिळाला तर एखादा आतड्याच्या कोपऱ्यात जन्मभर तग धरतो. तेच दही खात असेपर्यंत सरमिसळ होत राहते, खाणं थांबलं की वाटा फुटतात. मॅडम, सांगलीत तुमचं कोण आहे?"

"कोणी नाही," शलाका म्हणाली.

आठ-दहा वर्षं ती हेच उत्तर देत आली होती. सवयीने तोंडातून गेलं आणि मग तिचा टेबलाखाली हलणारा पाय थांबला.

सांगलीत तिचे वडील होते. आप्पा. आई गेली आणि वर्षाच्या आत आप्पांनी समोरच्या फ्लॅटमधल्या प्रमिलाकाकूंशी लग्न केलं. काकू विधवा होत्या, शेजारधर्माने येऊन-जाऊन असायच्या. शलाकाला ते सहन झालं नाही. आईच्या सुतकात ती स्वयंपाकघरात गेली होती तेव्हा आईचा दह्याचा चिनीमातीचा सट धुऊन फळीवर पालथा घातलेला तिने पाहिला होता. आईने लग्नात माहेराहून आणलेलं विरजण, रोज न चुकता लावलेलं, आणि कोणीतरी ते खरवडून मोरीत घालवलं होतं. पुढे लग्नाची बातमी कळली तेव्हा तिला तो पालथा सटच आठवला. ती हेरंबला म्हणाली होती, "त्या घराचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही."

हेरंब पाणी प्यायला नव्हता. दही खात होता.

तिला आधी हायसं वाटलं आणि लगेच असा काही संताप आला की दुसरी बाई असती तर एक वेळ परवडलं असतं, असं क्षणभर वाटून गेलं. माझ्या पाठीमागे! त्याच घरात! पण मग तिच्या डोक्यात दुसरं गणित सुरू झालं. आईचं विरजण मोरीत गेलं असेल, तर हेरंबच्या पोटात हे आलं कुठून?

गुरुवारपर्यंत थांबणं तिला शक्यच नव्हतं. तिने केंद्रातला एक स्वच्छ स्टीलचा डबा घेतला, स्कूटर काढली आणि सांगलीचा रस्ता धरला. नमुना घ्यायचा आणि उभ्या उभ्या परत फिरायचं, असं ती स्वतःला बजावत होती. बसायचं नाही, बोलायचं नाही, पाणी घ्यायचं नाही. विश्रामबागेच्या चौकात सिग्नलला थांबली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण हँडलला अडकवलेला डबा काढून छातीशी धरलाय.

दार प्रमिलाकाकूंनी उघडलं. केस पांढरे झाले होते. देवापाशी नुकताच दिवा लावला असावा, हाताला तेलाचा वास होता. त्या बघतच राहिल्या.

"विरजण हवंय," शलाका म्हणाली. इतक्या वर्षांनी आईबापाच्या दारात उभं राहून तिला दुसरं काही सुचलं नाही.

काकूंनी डब्याकडे पाहिलं, मग मागे वळून देवापाशी पाहिलं. त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"आत्ता नाही गं देता येणार."

शलाकाच्या डोक्यात सणक गेली. "एवढंसं मागितलं तर…"

"दिवे लागले ना," काकू घाईघाईने म्हणाल्या. "दिवेलागणीनंतर घरातलं विरजण बाहेर देत नाहीत. तुझ्या आईचाच नियम. वहिनी मला संध्याकाळी कधी द्यायच्या नाहीत. 'सकाळी ये प्रमिला,' म्हणायच्या. सकाळी देते ना. किती हवं तेवढं देते. पण आत्ता… मी त्यांचा नियम कसा मोडू?"

आतून पावलं वाजली. आप्पा पाण्याचा पेला घेऊन आले. पेला काठोकाठ भरलेला होता, पाणी बोटांवर सांडत होतं. ते "आलीस?" एवढंच म्हणाले आणि पेला पुढे करावा की नाही हे न कळून तसेच उभे राहिले. शलाकाने पेला घेतला. पाणी प्यायली. सगळं प्यायली.

"सट तर धुऊन पालथा घातला होता," ती काकूंना म्हणाली. "मी पाहिला होता. सुतकात."

"सट धुतला कारण त्यातलं माझ्याकडे होतं." काकू दाराच्या चौकटीला धरून बोलत होत्या. "हॉस्पिटलात जायच्या सकाळी वहिनी स्वतः घेऊन आल्या माझ्याकडे, वाटी भरून. म्हणाल्या, 'प्रमिला, मी येईपर्यंत रोज लावत जा, मोडू देऊ नकोस.' मी लावत गेले. त्या काही आल्या नाहीत." त्यांनी पदराने डोळे पुसले. "मग थांबायचं कधी, ते मला कोणी सांगितलंच नाही. तेरावं झाल्यावर तेच घेऊन मी तुमच्या दारात आले होते. आप्पांना म्हटलं, हे तुमचं आहे. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा नीट बोललो. तुला वाटतं तसं आधी काही नव्हतं गं."

शलाकाला रडू फुटलं. उभ्या उभ्या परत जायला आलेली बाई दारातल्या स्टुलावर मटकन बसली आणि लहान मुलासारखी रडली. आईसाठी रडली, स्वतःच्या मूर्खपणासाठी रडली. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायचं त्यांना सुचलंच नाही.

मग हळूहळू बाकीचं कळलं. हेरंबच्या आजारपणाची बातमी आप्पांना कॉलेजातल्या कोणाकडून तरी मिळाली. ते दहीभाताचा डबा घेऊन कॉलेजात गेले. हेरंबने बायकोची शपथ सांगून नको म्हटलं. आप्पा म्हणाले, "शपथ पाण्याची आहे ना? मग दही खा." तो दहीभात पोटात टिकला. तेव्हापासून दर गुरुवारी तो इथे जेवायचा आणि आठवड्याचं दही बरोबर घेऊन जायचा, ते कॉलेजात बसून खायचा. काकूंनी मणी गिळला होता पालिकेच्या फुकट तपासणीत. आप्पांनी मात्र ठाम नकार दिला होता. "माझ्या पोटात काय आहे ते मला ठाऊक आहे," म्हणाले होते.

काकूंनी गॅसवर दूध ठेवलं होतं. ते निवायला उतरवलं आणि फळीवरून सट काढला. तोच, काठाला एक टवका उडालेला.

"आज तू लाव," काकू म्हणाल्या.

शलाकाने करंगळी दुधात बुडवली. आईची पद्धत, करंगळीला सोसेल इतकंच कोमट. तिच्या केंद्रात यासाठी तापमापक होता, पण आत्ता तिला आकडा आठवेना आणि करंगळीला मात्र सगळं आठवत होतं. वाटीतलं विरजण तिने सटाला आतून फिरवून लावलं, वर दूध ओतलं, झाकण ठेवलं. काकूंनी त्यावर जुनं फडकं गुंडाळलं.

तिने जावेदभाईंना निरोप पाठवला, 'हेरंबचं नाव आपल्या यशाच्या यादीतून काढा. आपला वाण नव्हता तो. पुण्याला तसंच सांगेन.' मग हेरंबला फोन लावला.

"कुठे आहेस तू? किती वेळ झाला…" तो काळजीत होता.

"सांगलीत. आप्पांकडे."

तो चाचरत म्हणाला, "शलाका, मी तुला सांगणारच होतो…"

"ते घरी आल्यावर. त्याचं भांडण बाकी आहे, विसरू नकोस," ती म्हणाली. आप्पा पलीकडच्या खोलीत तिच्यासाठी गादी घालत होते. चादर उलटी घातली गेली होती आणि ते ती पुन्हा काढत होते. "मी आज इथेच राहते आहे. सकाळपर्यंत दही लागायचंय."